दोघांचा डबा

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. उत्तर इंग्लंडातल्या हेरन लॉ गावच्या शाळेत काचेच्या कपाटात दुसऱ्या फळीवर मी असतो. एका बाजूला खाणीतला दिवा, दुसऱ्या बाजूला घोड्याचा नाल. माझ्यापुढे एक चिठ्ठी लावलेली आहे: ‘खाणकामगाराचा न्याहारीचा डबा. झाकणावरचे पोचे खाणीत दगड पडल्यामुळे.’ चिठ्ठीचं अक्षर सुवाच्य आहे, शुद्धलेखन बिनचूक आहे आणि मजकूर खोटा आहे.

खाणीतल्या दगडाने मला इतक्या वर्षांत साधा ओरखडाही काढला नाही. हे नऊ पोचे एका माणसाने पूर्ण शुद्धीत, दिवसाउजेडी, भर रस्त्यात पाडले. तो माझा धनी होता आणि फार चांगला माणूस होता. म्हणून तर सांगायला बसलो आहे. वाईट माणसांच्या गोष्टी सांगायला डब्यांची गरज नसते. त्यासाठी वर्तमानपत्रं आहेत.

माझा जन्म बर्मिंगहॅमच्या एका कारखान्यात झाला. देवाने माणसाला स्वतःच्या रूपात घडवलं म्हणतात. मला पावाच्या रूपात घडवलं: खाली सपाट, वर गोलाई, बरोबर एका कापाएवढा. दोन्ही कामं शेजारी ठेवून पाहिली तर माझं जरा नेटकं झालं आहे. पत्र्याचा का, तर खाणीत उंदीर असतात, आणि उंदरांपेक्षा हुशार असे घोडे असतात. फडक्याची गाठ सोडून पाव पळवणारे घोडे मी स्वतः पाहिले आहेत. झाकण उघडणारा मात्र एकही पाहिला नाही.

सन एकोणीसशे अकरा साली हॅना हेपल हिने मला गावच्या सहकारी दुकानातून घेतलं. तिचं नुकतंच लग्न झालं होतं. नवरा इनॉक हेपल, उंच, हाडापेराने मोठा, बोलण्यात काटकसरी. रविवारी चॅपलमध्ये तो भजन म्हणायचा तेव्हा शेजारच्यांना कळायचं, की या माणसाला आवाज आहे. एरवी ते गुपितच होतं.

खाणीत तो एकटा नव्हता. त्याचा मॅरा होता, सेप डॉड्स.

हा शब्द जरा समजावून सांगायला हवा, कारण तुम्ही हल्ली कोणालाही काहीही हाक मारता. त्या काळी आमच्याकडे दोस्ताला हाका पुष्कळ होत्या, पण प्रत्येकीची जागा ठरलेली होती. ‘मेट’ म्हणजे ज्याचं नाव माहीत नाही तो. आगगाडीचा गार्ड सगळ्या उतारूंना मेट म्हणायचा, कल्हईवाला सगळ्या गावाला. ‘पॅल’ हा शब्द शहरातून आलेला पोलीस कॉलर धरण्याच्या आधी वापरायचा. ‘चम’ म्हणायची मॅनेजरसाहेबांची मुलं, सुट्टीला बोर्डिंगमधून घरी आली की, आणि तीही एकमेकांनाच. शब्द जितका गोड, तितका तो स्वस्त पडायचा.

मॅरा मात्र एकच. कोळशाच्या भिंतीपाशी तुमच्या जागेवर तुमच्या बरोबरीने राबणारा तो तुमचा मॅरा. दर तीन महिन्यांनी खाणीत चिठ्ठ्या टाकून जागा वाटायचे. कोणाला कोरडी, उंच, सोन्यासारखी जागा लागायची, कोणाला गुडघाभर पाण्यातली. जागा नशिबाने मिळायची. मॅरा मात्र आपण निवडायचा, चिठ्ठ्या टाकायच्या आधी सांगायचा, आणि मग जे नशिबात येईल ते दोघांनी निम्मं निम्मं भोगायचं. भाऊ निवडता येत नाही, बायको बऱ्याचदा शेजारीपाजारी निवडतात. मॅरा निवडता यायचा.

आता गंमत अशी की हे दोघे दिवसाकाठी पाचेक मिनिटंच भेटायचे. इनॉक पहाटेच्या पाळीला, सेप त्यानंतरच्या. जागा एक, माणसं आलटून पालटून. पाळी बदलताना इनॉक मला लाकडी खांबावर तीनदा आपटायचा, टण् टण् टण्. मी निघालो, ये. बोगद्याच्या वळणावरून सेपचा दिवा हलत यायचा आणि त्याच्याआधी त्याचं बेसूर गाणं.

“काय मॅरा, कोळसा काढलास की डुलक्याच काढल्यास?”

“काढला तेवढा काढला. उरलेला डोंगर तुला ठेवलाय.”

“आणि पाव?”

“तोही ठेवलाय. हॅनाने मुरंबा घातलाय. माझ्यासाठी घालत नाही कधी एवढा.”

“तिला माहितेय ना कोण जास्त राबतं ते!”

सेपचा स्वतःचा डबा पहिल्याच आठवड्यात कोळशाच्या गाडीखाली येऊन चपाती झाला होता. तो नवा घेणार होता. इनॉक म्हणाला, “कशाला? एक डबा दोघांना पुरतो.” झालं. तेव्हापासून मी पहाटे इनॉकबरोबर खाली जायचो आणि संध्याकाळी सेपबरोबर वर यायचो. दोघांची घरं तिसऱ्या ओळीत, भिंतीला भिंत लागून: पंधरा नंबर आणि सोळा नंबर. सेप मागच्या अंगणाच्या भिंतीवरून मला हॅनाच्या हातात द्यायचा. त्याआधी एक मुक्काम असायचा, त्याची मुलगी एल्सी. खाणीतून परत आलेल्या पावाला वरच्या पावापेक्षा वेगळी चव असते, अशी आमच्याकडच्या सगळ्या पोरांची खात्री होती. असतेही. धूळ असते. सेप शेवटचा तुकडा कधी खायचा नाही. एल्सी अंगणाच्या दाराशी हात पुढे करून उभी असायची, मग माझं झाकण उघडायचं, आणि ती तो वाळका कडेचा तुकडा नाताळची मेजवानी असल्यासारखा खायची. इनॉकला हे माहीत होतं. पुढे पुढे तो दोनऐवजी तीन काप घालायला सांगू लागला आणि का, ते हॅनाने कधी विचारलं नाही. मित्रांनो, डब्याच्या आयुष्यात याहून मोठा मान नाही. एक पोर माझ्यातून जेवत होतं, आणि दोन माणसं तर तब्बल पंधरा वर्षं.

मग सव्वीस साल आलं.

मालकांनी सांगितलं, काम जास्त वेळ करा, पगार कमी घ्या. हिशेब म्हणून यात काही चूक नव्हती, फक्त तो ज्यांना लागू होता त्यांना विचारलं नव्हतं. कामगार नाही म्हणाले, संप झाला, आणि मे महिन्यात खाणीच्या फाटकाला कुलूप लागलं. इनॉक आमच्या गावच्या कामगार संघटनेचा चिटणीस होता. बोलत नसल्यामुळे लोकांचा त्याच्यावर विश्वास होता. घरोघरची भांडी चॅपलमध्ये गोळा झाली, तिथे सगळ्या गावाचं सूप शिजायला लागलं. हॅनाने आपलं शेवटचं पातेलंही दिलं. मला फळीवर ठेवलं. मला वाटलं, आठवडाभराची सुट्टी.

ऑक्टोबर उजाडला तरी मी फळीवरच होतो. मालकांच्या अटी मानणाऱ्यांसाठी फाटक आता उघडं होतं, पण आमच्या गावातून कोणी गेलं नव्हतं. सूप पातळ होत होत अशा थराला आलं होतं की त्यात चेहरा दिसायचा, आणि चेहरे पाहण्यासारखे राहिले नव्हते. एल्सी तेव्हा सहा वर्षांची होती. तिचा खोकला मला भिंतीतून ऐकू यायचा. डॉक्टर म्हणाले होते, दूध, मटणाचं सार आणि रात्रंदिवस शेगडी. डॉक्टर सज्जन होते. हे सगळं कुठून आणायचं तेवढं सांगायचं राहून गेलं.

एका शनिवारी संध्याकाळी सेप अंगणाच्या भिंतीशी आला. इनॉक आत खिडकीपाशी कागद लिहीत होता, तो बाहेर गेला. खिडकी उघडी होती.

“सोमवारी मी खाली जातोय,” सेप म्हणाला.

“कुठे खाली?”

“खाली म्हणजे खाली. खाणीशिवाय दुसरं खाली मला माहीत नाही.”

इनॉकने भिंतीवर दोन्ही हात टेकले. “संपाच्या समितीचं दूध मिळतंय ना पोरीला?”

“आठवड्याला पेलाभर. ते ती खोकून टाकते.”

“सगळ्यांचीच पोरं आहेत रे, सेप.”

“सगळ्यांची पोरं रक्त नाही टाकत.”

“आज तू गेलास तर उद्या दहा जातील. मग पाच महिने आपण कशासाठी उपाशी राहिलो?”

“ते मला नाही माहीत. मला उशीखालचं फडकं माहितेय.” सेपचा आवाज खाली आला. “तुला दुसऱ्याकडून कळू नये म्हणून आलो. तू सांग काय करू. तू सांगशील ते करीन, मॅरा.”

मित्रांनो, मी पत्र्याचा आहे, पण त्या वेळी फळीवर मी श्वास रोखून होतो. इनॉकला एक वाक्य बोलायचं होतं, कोणतंही. जा म्हणाला असता तरी चाललं असतं, जाऊ नकोस म्हणून भिंतीवरून हात धरला असता तरी चाललं असतं. पण तो चिटणीस होता आणि समोर मॅरा होता. दोघांना एकदम उत्तर देईल असं वाक्य त्याला सापडलं नाही.

“ती हाक आता मारू नकोस,” तो म्हणाला आणि आत आला. कागदावर पुढे लिहायला लागला. तासाभराने हॅनाने पाहिलं, तर एकाच शब्दावर शाई गिरवून गिरवून कागद फाटला होता.

संप मोडून कामावर जाणाऱ्याला आमच्याकडे मारत नसत. आम्ही सुसंस्कृत लोक. त्याची फक्त वरात काढायचे. संध्याकाळी तो खाणीतून वर आला की सगळं गाव त्याच्यामागून त्याच्या घरापर्यंत चालायचं, आणि बायका, पोरं, म्हातारे, सगळे पत्र्याची भांडी बडवायचे. कोणी शिवी देत नसे. फक्त पत्रा.

सोमवारी सेप वर आला तेव्हा त्याच्या दोन बाजूंना परगावचे दोन पोलीस होते. मागे दीडदोनशे माणसं. वरात तिसऱ्या ओळीत शिरली. चिटणीस म्हणून इनॉकला पुढे असणं भाग होतं. तो दाराशी आला, रिकाम्या हाताने. समोरच्या घरातली पेग स्टोको कढई बडवत होती. तिची जीभ गावात प्रसिद्ध होती.

“चिटणीसबुवा, हात गहाण ठेवलेत का? की मॅरा जवळचा म्हणून सूट?”

लोक हसले. इनॉक आत आला. स्वयंपाकघरात भांडं नव्हतंच, सगळी चॅपलमध्ये. त्याची नजर भिरभिरली आणि फळीवर माझ्यावर येऊन थांबली. एका हातात मी, दुसऱ्या हातात शेगडीची सळई. हॅना दारात आडवी आली.

“तो नको,” ती म्हणाली. “इनॉक, काहीही घे, तो डबा नको.”

त्याने तिला बाजूला केलं. दारात उभा राहून त्याने मला नऊ वेळा बडवलं. पहिल्या आठ ठोक्यांची मला आठवण नाही, म्हणजे दुखलं एवढीच आहे. सेप मान खाली घालून चालत होता. एवढ्या कढया, एवढी घमेली, त्याने एकदाही वर पाहिलं नव्हतं. पण पंधरा वर्षं तो ज्या आवाजावर अंधारात चालत आला होता, तो आवाज त्याने शंभर भांड्यांतून ओळखला. त्याने मान वर केली. इनॉककडे नाही पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. नववा ठोका हाताबाहेर जाऊन बसला, आणि मग सळई खाली पडली.

एल्सी सोळा नंबरच्या खिडकीत उभी होती. बापाला एवढी मोठी वरात कशासाठी, हे तिला कोणी सांगितलं नसावं. ती हात हलवत होती.

डिसेंबरात संप फसला. सगळेच खाली गेले, जास्त तास आणि कमी पगारावर. म्हणजे सेपने ऑक्टोबरात जे केलं तेच सगळ्या गावाने डिसेंबरात केलं. पण गावाने केलं की त्याला तडजोड म्हणतात. जानेवारीत चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा सेपबरोबर नाव द्यायला कोणी उभं राहिलं नाही. इनॉकने विल्फ नावाच्या एका तरण्या माणसाबरोबर नाव दिलं. सेपला रुळांवरची माती काढायचं एकट्याचं काम मिळालं. न्याहारीला तो लांब बसायचा. त्याच्याकडे जायचा फक्त ड्यूक नावाचा घोडा, कारण ड्यूकला समितीचा बहिष्काराचा ठराव कोणी वाचून दाखवला नव्हता.

फेब्रुवारीत एल्सी गेली.

मित्रांनो, आमच्याकडे मयताचं बोलावणं असतं. काळ्या टोप्या घातलेली दोन माणसं दारोदार जातात, दार वाजवतात आणि सांगतात, अमक्याला अमक्या वाजता उचलायचं आहे, आपण यावं. बोलावणं आलं की जायचंच, मग जन्माचं वैर असो. आणि बोलावणं आलं नाही तर जायचं नाही. तो घरच्यांचा अपमान. सेपसाठी टोपी घालायला कोणी तयार होईना. तेव्हा बाप स्वतःच निघाला. असं आमच्या गावात कधी झालं नव्हतं.

दुपार होती. इनॉक घरी होता. त्याने सकाळीच काळे बूट काढून घासून ठेवले होते. हॅनाने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. सेपने ओळीच्या त्या टोकापासून सुरुवात केली. एक नंबर. दोन नंबर. दारं उघडत नव्हती. तो बंद दाराला सांगायचा, “आमच्या एल्सीला उद्या दोन वाजता उचलायचंय. यावं.” आणि पुढे. प्रत्येक घराला तेच वाक्य, त्याच आवाजात. बारा. तेरा. इनॉक उठून दारामागे उभा राहिला. चौदा. त्याचा हात कडीवर होता. मी फळीवरून पाहत होतो.

पावलं आली. आमच्या दारापुढे थांबली. दोन माणसांमध्ये दोन इंच लाकूड होतं.

मग पावलं पुढे गेली, आणि सोळा नंबरचं दार लागल्याचा आवाज आला.

“तो थांबला होता,” हॅना म्हणाली.

“ऐकलं मी.”

“मग उघडायचं होतंस!”

“त्याने वाजवलं नाही.”

“आणि तुझे हात काय खिळ्यांनी ठोकले होते?”

“सगळ्या ओळीला बोलावलं त्याने, हॅना. मला सोडून. न बोलावता कसा जाऊ?”

हॅना गेली. न बोलावता, डोक्याला शाल घेऊन, दुसऱ्या दिवशी दोन वाजता. त्या पोरीला उचलायला चार माणसं मिळाली नाहीत, तेव्हा एका बाजूला सेप, एका बाजूला त्याची बायको ॲडा हिचा भाऊ, मागे चॅपलचे पाद्रीबाबा, आणि चौथा कोपरा हॅनाने धरला. बाईने खांदा द्यायची पद्धत नाही म्हणून दोनचार पडदे हलले. इनॉक बूट घालून दारामागे उभा होता. रस्त्यावरचा आवाज संपल्यावरही तो बराच वेळ तसाच होता, आणि मग त्याने खाली बसून एकेक बूट काढला.

हॅना संध्याकाळी परत आली. शाल न काढताच बोलली.

“मी ॲडाला विचारलं. तुम्ही एवढी दारं वाजवलीत, आमचंच का सोडलंत म्हणून. ती म्हणाली, सेपनेच सोडलं. म्हणाला, इनॉकला बोलावून कोंडीत नाही धरायचं. गावासमोर त्याला नाही म्हणायला लागेल. यायचं असेल तर तो तसाच येईल.”

इनॉकने काढून ठेवलेले बूट कोपऱ्यात सारले.

“तो दोनदा थांबला,” हॅना म्हणाली. “वळणावर. ओझं खाली ठेवायला सांगितलं आणि मागे बघत राहिला. मला वाटलं दमला. मी म्हटलं, सेप, चल आता.”

मार्चमध्ये डॉड्स मंडळींनी गाव सोडलं. दक्षिणेला केंटमध्ये नव्या खाणी निघत होत्या. इनॉक पाळी संपवून घरी येत होता, मी त्याच्या काखेत, तोंड कोळशाने काळं. सोळा नंबरपुढे गाडी उभी होती. सेप एकटाच कपड्यांचं कपाट गाडीत चढवायला बघत होता. एक टोक वर गेलं की दुसरं घसरायचं. इनॉकने मला भिंतीवर ठेवलं आणि जाऊन दुसरं टोक धरलं. कोणी ‘उचल’ म्हणालं नाही. दोघांनी एकदम उचललं, एकदम वळवलं, एकदम टेकवलं. अशी जोडी शिकवून होत नाही. कपाट जागेवर बसलं. दोघे समोरासमोर उभे राहिले. इनॉकचं तोंड उघडलं.

सेपने कपाळाचा घाम पुसला, त्याच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, “आभारी आहे हं, मेट.”

आगगाडीच्या गार्डने म्हणावं तसं. रागाने नाही. राग असता तर बरं झालं असतं. राग ओळखीच्या माणसाचा येतो. गाडी गेली.

रात्री इनॉक हॅनाला म्हणाला, “तोंड काळं होतं ना माझं. ओळखलं नसेल त्याने.”

हॅना हो म्हणाली. पण मित्रांनो, खाणीत पंधरा वर्षं सेपने ते तोंड काळंच पाहिलं होतं. धुतलेलं फक्त रविवारी दिसायचं.

पुढची वर्षं भराभर सांगतो, कारण ती तशीच गेली, एकासारखी एक. मी रोज खाली जायचो आणि इनॉकबरोबरच वर यायचो. काप दोनच असायचे. विल्फ चांगला होता, बडबड्या होता, इनॉकला मॅरा म्हणायचा. इनॉक त्याला विल्फ म्हणायचा. एकदा हॅनाने मला लोहाराकडे द्यायचं काढलं, पोचे ठोकून काढायला. इनॉक म्हणाला, “राहू दे. झाकण लागतंय.” ॲडाचं नाताळला कार्ड यायचं, हॅनाच्या नावाने. युद्ध सुरू झाल्यावर तेही थांबलं.

इनॉक निवृत्त झाला तेव्हा त्याच्या छातीत खाणीचा बराचसा भाग घरी आला होता. जिना चढता येईना, म्हणून पलंग खाली स्वयंपाकघरात, माझ्या फळीसमोर आणला. एका सकाळी त्याने कागद मागितला. त्या दिवसापासून रोज तो कागद घेऊन बसायचा आणि रोज तो शेगडीत जायचा. मायना जमत नव्हता. ‘प्रिय सेप’ लिहिलं, खोडलं. त्याने सेपला नावाने कधी पत्र लिहिलं नव्हतं. ‘श्री. डॉड्स’ लिहिलं आणि स्वतःच दचकला. अकरा दिवसांनी त्याने कागदाची घडी करून पाकिटात घातली आणि ॲडाच्या कार्डावरचा केंटचा जुना पत्ता लिहिला.

“वाचू का?” हॅनाने विचारलं.

“वाच.”

तिने उघडलं. “मॅरा,” तिने वाचलं. उलटवून पाहिलं. “पुढचं कुठाय?”

“पुढचं नाही.”

“एका शब्दाला तिकीट लावायचं?”

“तेवढाच द्यायचा राहिलाय,” इनॉक म्हणाला. “लाव.”

तिने लावलं. सात आठवड्यांनी पोस्टमन आला तेव्हा इनॉक झोपला होता. पाकीट तेच होतं, तिकीट तेच, वर शिक्का: या पत्त्यावर राहत नाही, ठावठिकाणा माहीत नाही. हॅना दारात उभी राहिली. मग आत येऊन तिने मला फळीवरून काढलं, पाकीट घडी करून माझ्या पोटात ठेवलं आणि झाकण लावलं. झाकण लागत होतं.

इनॉक जागा झाला. “पोस्टमन होता?”

“होता. पेगची पेन्शन घेऊन आलेला.”

“सेपचं आलं नाही अजून.”

“त्याचं अक्षर आठवतंय ना? एक ओळ लिहायला आठवडा लागायचा त्याला.”

इनॉक हसला. हसताना खोकला आला, खोकला थांबल्यावरही हसतच होता. “बेसूर लेकाचा,” तो म्हणाला. “मुद्दाम छळतोय मला. लावू दे वेळ.”

तो रोज विचारायचा. ती रोज काहीतरी सांगायची. मी त्याच्या डोळ्यांसमोर, हाताभर अंतरावर, पोटात उत्तर घेऊन बसलेलो. माझ्या आयुष्यात मी पाव सांभाळला, मुरंबा सांभाळला, पण एवढं जड काही सांभाळलं नाही. पाच आठवडे.

तो गेला त्या दिवशी हॅनाने त्याला काळा कोट घातला, मला उघडलं, ते पाकीट त्याच्या आतल्या खिशात ठेवलं आणि बटण लावलं. मग काळ्या टोपीच्या माणसांना तिने स्पष्ट सांगितलं, “कोणालाही बोलवायला जाऊ नका. ज्याला यायचंय तो येईल.” माणसं गोंधळली. पण आली, सगळी ओळ आली.

मित्रांनो, डब्याने उपदेश करू नये हे मला कळतं. डब्याला पोचा पडला तर काही बिघडत नाही, पाव आत तेवढाच राहतो. पण एवढं ऐका. ज्या घरी तुम्हाला जायचं आहे तिथे बोलावण्याची वाट पाहू नका. जा. फार तर काय होईल, दार उघडणार नाही. बंद दाराबाहेर उभं राहिलेला माणूस थोड्या वेळाने घरी जातो, त्याला झोप लागते. दाराच्या आत उभा राहिलेला तिथून कधी हलत नाही.